व्रणाची जागा : एमपॉक्स, पुरुषाची जननमूत्रसंस्था आणि वैद्यकीय नोंदींचा इतिहास

प्रास्ताविक

रोगांचा इतिहास लिहिताना साथींच्या तारखा, मृतांचे आकडे आणि लसींचे शोध यांची मांडणी करण्याची पद्धत आहे. रुग्णाच्या शरीरावर रोग नेमका कोठे उमटला, ही बाब वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकावर सोपवून इतिहासकार पुढे जातो. एमपॉक्स (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) या रोगाच्या बाबतीत असे करता येत नाही. २०२२ साली युरोप व अमेरिकेत हा रोग पसरला, तेव्हा अनेक रुग्णांच्या चेहऱ्यावर वा तळहातावर एकही फोड नव्हता. व्रण होते ते शिश्नावर, वृषणकोशावर, जांघेत आणि गुदद्वाराभोवती. हा रोग आता वेगळाच दिसू लागला आहे, असे उद्गार तेव्हा अनेकांनी काढले. प्रस्तुत लेखाचा विषय हे आश्चर्यच आहे.

पुरुषाच्या जननमूत्रसंस्थेवर होणारा या विषाणूचा परिणाम २०२२ मध्ये एकाएकी उद्भवला नाही, असे उपलब्ध नोंदी पाहता म्हणावे लागते. त्याची सूचना देणारे पुरावे निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या काळात आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या नियतकालिकांत छापून आलेले होते. त्यांतील एक तर मुंबईचा आहे. ते पुरावे एकत्र का वाचले गेले नाहीत, याचा शोध घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकाचा नव्हे, इतिहासाचा अभ्यासक आहे. त्यामुळे उपचारांच्या चर्चेत तो फारसा शिरणार नाही. कोणी काय पाहिले, कोणी काय लिहिले आणि कोणी ते वाचले, एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे.

देवीच्या सावलीतील रोग

१९५८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील स्टेटन्स सीरम इन्स्टिट्यूट या संस्थेत, सिंगापूरहून आणलेल्या माकडांमध्ये देवीसारखे फोड आणणारा आजार दोन वेळा उद्भवला. प्रेबेन फॉन मॅग्नस व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून एक विषाणू वेगळा केला व पुढील वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. माकडांत प्रथम आढळला म्हणून त्यास माकडाचे नाव मिळाले. वस्तुतः माकड हे या विषाणूचे मूळ वसतिस्थान नसून, आफ्रिकेच्या वर्षावनांतील कृंतक प्राण्यांकडे (खारी, उंदीर इत्यादी) अधिक संशयाने पाहिले जाते. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

मानवातील पहिला ज्ञात रुग्ण सापडला तो १९७० साली. काँगो लोकशाही प्रजासत्ताक (पुढे काही काळ झाईर) या देशात बासांकुसू येथील रुग्णालयात नऊ महिन्यांचा एक मुलगा दाखल झाला. त्या प्रदेशात देवीचे निर्मूलन जवळजवळ पूर्ण झालेले असताना त्याच्या अंगावर देवीसारखे फोड होते, म्हणून नमुने तपासले गेले आणि विषाणू वेगळा निघाला. मूल या आजारातून बरे झाले. परंतु रुग्णालयातच त्याला गोवर झाला व त्यात ते दगावले. या रोगाच्या इतिहासाचा प्रारंभ असा एका बालकापासून झाला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य सभेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर झाईरमध्ये या नव्या रोगावर जे सखोल सर्वेक्षण झाले, त्यामागे एकच चिंता होती. देवीची रिकामी झालेली जागा हा विषाणू घेईल काय? १९८१ ते १९८६ या काळात तेथे ३३८ रुग्णांची नोंद झाली. झ्देनेक येझेक व फ्रँक फेनर यांनी १९८८ साली या साऱ्या माहितीवर ग्रंथ लिहिला व तो दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. तत्पूर्वी १९८७ मध्ये येझेक यांनी २८२ रुग्णांच्या लक्षणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले होते. त्यांतील ९० टक्के रुग्ण १५ वर्षांखालील होते. देवीपासून हा रोग वेगळा ओळखण्याची खूण म्हणून त्यांनी लसिकाग्रंथींच्या सुजेवर भर दिला.

जननेंद्रियांवरील व्रणांना या वर्णनात विशेष स्थान नाही आणि याबद्दल त्या संशोधकांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासमोर लहान मुले होती. प्राण्याला हात लावून, वा घरातील आजारी भावंडाजवळ राहून त्यांना संसर्ग झाला होता. परंतु येथे आणखी एक गोष्ट घडली. देवीच्या निदानाचा जुना नियम असा होता की पुरळ चेहरा, हात व पाय यांवर दाट असते. काख व जांघ यांसारख्या झाकलेल्या, दुमडीच्या जागी ते विरळ असते. कांजिण्या व देवी यांतील भेद सांगताना वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हाच नियम शिकविला जाई. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत कार्यकर्ते दारोदार जे ओळखचित्र घेऊन फिरत, त्यावरही फोडांनी भरलेला बालकाचा चेहराच असे. म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी चेहऱ्यावर खिळविण्याचे आणि जांघेत काही नसणार असे गृहीत धरण्याचे शिक्षण दोन पिढ्यांना मिळालेले होते. ते देवीपुरते योग्यच होते. देवी गेली, पण नजरेची सवय मागे राहिली.

मुंबईतील एक निष्कर्ष

देवीच्या विषाणूचा पुरुषाच्या जननसंस्थेशी मुळीच संबंध नव्हता, असेही नाही. मुंबईतील डॉ. ए. एम. फडके व त्यांचे दोन सहकारी, सामंत व देवल, यांचा एक छोटा निबंध १९७३ साली 'फर्टिलिटी अँड स्टरिलिटी' या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुरुषांतील वंध्यत्वाचे एक कारण म्हणून देवी, असा त्याचा विषय. पूर्वी देवी येऊन गेलेल्या पुरुषांत, वीर्यात शुक्राणू मुळीच न आढळण्याचे प्रमाण लक्षणीय दिसते आणि त्याचे कारण शुक्राणू वाहून नेणाऱ्या अधिवृषणाच्या नलिकेत निर्माण झालेला अडथळा हे असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. वृषणात शुक्राणू तयार होत असूनही ते बाहेर येण्याची वाट मात्र बुजलेली असे.

भारतासारख्या देशातच असा अभ्यास होणे शक्य होते. युरोप-अमेरिकेत देवी येऊन गेलेले तरुण पुरुष त्या काळी शोधूनही फारसे सापडले नसते. मुंबईत मात्र ते दवाखान्यात रोज येत होते. मूल होत नाही म्हणून आपल्याकडे बहुधा स्त्रीचीच तपासणी होई. त्या काळात पुरुषाची तपासणी करून, त्याला बालपणी आलेल्या देवीविषयी विचारणारे हे डॉक्टर निश्चितच दूरदृष्टीचे म्हटले पाहिजेत. परंतु हा निबंध वंध्यत्वाच्या शास्त्रात राहिला. चारच वर्षांनी, ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात देवीचा अखेरचा नैसर्गिक रुग्ण आढळला आणि प्रश्नाची निकड संपली. देवीच्या कुळातील दुसरा एखादा विषाणू पुरुषाच्या वृषणात शिरू शकेल काय, हा प्रश्न त्या निबंधातून सहज निघत होता. झाईरमधील बालरुग्ण तपासणाऱ्यांना तो पडण्याचे काही कारण नव्हते.

प्रवेशद्वाराचा प्रश्न

दुसरा पुरावा अमेरिकेतील आहे. २००३ साली घाना येथून टेक्सासमध्ये आणलेल्या आफ्रिकी उंदरांपासून विषाणूची लागण पाळीव 'प्रेअरी डॉग' या प्राण्यांना झाली आणि त्यांच्यापासून मध्य-पश्चिमेकडील सहा राज्यांत ४७ माणसांना. कोणीही दगावले नाही. या उद्रेकाचा एक अनपेक्षित लाभ झाला. ज्यांना प्राणी चावला वा ओरखडला आणि ज्यांचा केवळ सहवासाने संबंध आला, अशा दोन गटांची तुलना करता आली. मेरी रेनल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले की चाव्यातून लागण झालेल्यांत लक्षणे लवकर व अधिक तीव्र दिसली. विषाणू कोणत्या वाटेने शरीरात शिरतो, यावर रोगाचे रूप अवलंबून असते, हे त्यांचे अनुमान होते.

हे विधान पुरेशा गांभीर्याने वाचले असते, तर पुढचे पाऊल अवघड नव्हते. चावा बोटाला असेल तर प्रथम बोटावर व्रण येतो. मग प्रवेश जननेंद्रियाच्या नाजूक त्वचेतून झाला तर काय दिसेल? याच कुळातील, देवीच्या लसीत वापरला जाणारा वॅक्सिनिया विषाणू शरीरसंबंधातून जोडीदाराकडे गेल्याची उदाहरणेही अमेरिकेत नोंदली गेली होती. २००२ नंतर तेथे सैनिकांना पुन्हा देवीची लस देण्यात येऊ लागली. दंडावरील लसीची जागा पुरती सुकण्यापूर्वी आलेल्या निकट संबंधातून जोडीदाराच्या जननांगावर फोड येत. २०१० मधील वॉशिंग्टन राज्यातील असे एक उदाहरण तेथील रोगनियंत्रण केंद्राने सविस्तर प्रसिद्ध केले आहे. त्याचीही नोंद लसीचा दुष्परिणाम या सदरात झाली व ती तेथेच थांबली.

बायेल्सा, २०१७

तिसरा आणि सर्वांत थेट पुरावा नायजेरियाच्या दक्षिणेकडील बायेल्सा राज्यातून आला. सप्टेंबर २०१७ मध्ये नायजर डेल्टा विद्यापीठाच्या रुग्णालयात अकरा वर्षांच्या एका मुलाला या रोगाची शंका घेऊन दाखल करून घेण्यात आले. देशात सुमारे ३९ वर्षांनी हा रोग पुन्हा दिसत होता. आरंभ मुलापासून झाला. मात्र पाठोपाठ जे रुग्ण आले त्यांत मुले थोडी होती. डॉ. डिमी ओगोइना व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णालयातील २१ निश्चित व संभाव्य रुग्णांचा वृत्तांत २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यांतील १७ जण २१ ते ४० या वयोगटातील होते आणि पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या चौपटीहून अधिक होते. अनेकांच्या जननेंद्रियांवर व्रण होते. काहींना उपदंश (ज्यास आपल्याकडे गरमी म्हणतात), तर काहींना एचआयव्हीचा संसर्गही होता.

जंगलात शिकार करणाऱ्या वा घरी खेळणाऱ्या बालकांचा हा रोग, शहरात नोकरीधंदा करणाऱ्या तरुण पुरुषांच्या शिश्नावर का दिसावा? ओगोइना यांनी हा प्रश्न टाळला नाही. शरीरसंबंधातील त्वचेचा निकट स्पर्श वा जननस्राव यांतून प्रसार होणे संभवते व त्याचा अधिक अभ्यास व्हावा, असे त्यांच्या निबंधात स्पष्ट लिहिलेले आहे. त्यानंतर त्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ४० रुग्णांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील नऊ जणांना एचआयव्हीचाही संसर्ग होता. या नऊ जणांचे व्रण अधिक मोठे होते, आजार अधिक काळ टिकला आणि जननेंद्रियांवरील व्रणांचे प्रमाणही अधिक होते. सप्टेंबर २०१७ ते सप्टेंबर २०१८ या वर्षात साऱ्या देशातील निश्चित व संभाव्य रुग्णांची संख्या १२२ झाली.

हा इशारा इंग्रजीत, सर्वांना विनामूल्य वाचता येणाऱ्या नियतकालिकात छापलेला होता. तरीही त्याचे वजन पडले नाही. याची कारणे अनेक असू शकतील. एक तर नायजेरियातील डॉक्टरांनी लैंगिक वर्तनाविषयी प्रश्न विचारणे व रुग्णाने त्यांची खरी उत्तरे देणे, दोन्ही कठीण होते. पुरुषांमधील समलिंगी संबंध तेथे कायद्याने दंडनीय आहेत. दुसरे असे की जागतिक संस्थांच्या दृष्टीने हा प्राण्यांकडून येणारा, आफ्रिकी खेड्यांतला रोग होता आणि मानवी साखळी आपोआप तुटते असा समज रूढ होता. २०१८ मध्ये ब्रिटन व इस्रायल आणि २०१९ मध्ये सिंगापूर येथे नायजेरियाहून आलेले रुग्ण सापडले, तरी हा समज हलला नाही. (ज्या सिंगापूरहून १९५८ मध्ये आजारी माकडे कोपनहेगनला गेली, तेथेच साठ वर्षांनी हा विषाणू माणसाबरोबर येऊन पोहोचला, हा योगायोग नोंदवावासा वाटतो.)

त्या समजाला निर्णायक उत्तर मिळाले ते फार उशिरा. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात विषाणूच्या जनुकीय बदलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानवी पेशीतील एका विशिष्ट विकराच्या क्रियेने विषाणूच्या जनुकांत उमटणाऱ्या खुणा मोजून संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की निदान २०१६ पासून हा विषाणू माणसाकडून माणसाकडे अखंड फिरत होता. बायेल्सामध्ये डॉक्टरांनी जांघेतील व्रण पाहून जी शंका घेतली होती, तिला प्रयोगशाळेचा दुजोरा मिळण्यास सहा वर्षे लागली. दरम्यान जगभर साथ येऊन गेली.

२०२२ : व्रणांचे वर्णन

७ मे २०२२ रोजी ब्रिटनने नायजेरियाहून परतलेल्या एका रुग्णाची माहिती जाहीर केली आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत, आफ्रिकेशी कोणताही संबंध नसलेले रुग्ण अनेक देशांत आढळू लागले. ते त्वचारोग वा ताप यांच्या विभागात न जाता गुप्तरोगांच्या चिकित्सालयात गेले, ही ध्यानात घेण्याजोगी बाब आहे. जे दिसले ते तेथील डॉक्टरांना प्रथम उपदंश वा नागीण यांसारखे वाटणे स्वाभाविक होते.

जुलै २०२२ मध्ये १६ देशांतील ५२८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ९८ टक्के समलिंगी वा उभयलिंगी आकर्षण असलेले पुरुष होते. ७३ टक्के रुग्णांत व्रण जननेंद्रिय व गुदद्वार यांच्या परिसरात होते. ६४ टक्के रुग्णांच्या अंगावर दहापेक्षाही कमी व्रण होते. आणि ५४ जणांच्या जननेंद्रियावर केवळ एकच व्रण होता. अंगभर फोड शोधणाऱ्या जुन्या पद्धतीने हे ५४ रुग्ण बहुधा हातून निसटले असते. त्याच महिन्यात दक्षिण लंडनमधील १९७ रुग्णांची माहिती आली. त्यांतील १११ जणांच्या जननेंद्रियांवर, तर ८२ जणांच्या गुदद्वाराभोवती व्रण होते. ३१ पुरुषांत संपूर्ण शिश्नाला सूज आली होती. स्पेनमधील १८१ रुग्णांच्या अभ्यासात १५ जणांत अशी सूज नोंदली गेली.

या सुजेचे शारीरिक कारण समजण्यास अवघड नाही. शिश्नाच्या त्वचेखाली चरबी नसते. तेथील ऊती सैल व ताणल्या जाणाऱ्या असतात. शिश्नमुंडावर वा अग्रत्वचेवर दोन-चार व्रण आले की तेथे द्रव साचून सारा अवयव सुजतो. मग अग्रत्वचा मागे सरकेनाशी होते, किंवा मागे सरकली तर पुढे येत नाही आणि शिश्नमुंडाभोवती तिचा फास बसतो. दुसरी अवस्था तातडीची असते, कारण त्यामुळे रक्तपुरवठा खुंटू शकतो. या दोन्ही अवस्था आपल्या परंपरेला अपरिचित नाहीत. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये निरुद्धप्रकश व परिवर्तिका या नावांनी त्यांचे वर्णन येते. तेथे कारणे अर्थातच वेगळी दिली आहेत, पण अवयवाच्या रचनेतून उद्भवणारा धोका प्राचीन शल्यविदांनी अचूक हेरला होता.

व्रणांचे स्वरूपही विशिष्ट आहे. ते वरून पाण्याने भरलेल्या फोडासारखे भासतात, पण हाताला घट्ट, खोलवर रुतलेले व मध्यभागी खळगा असलेले लागतात. फोडू गेल्यास त्यांतून फारसे पाणी निघत नाही. ओलसर त्वचेवर ते पांढुरक्या कडांच्या व्रणांत बदलतात. मूत्रमार्गाच्या मुखाशी असा व्रण आल्यास लघवीला आग होते, कधी स्राव येतो आणि मार्ग सुजेने बंद झाल्यास मूत्र तुंबून नळी घालण्याची वेळ येते. जांघेतील लसिकाग्रंथी सुजतात. मराठीत याला अवधाण येणे असा नेमका शब्द आहे. झाईरच्या मुलांत ठळकपणे नोंदलेल्या गाठी जबड्याखाली व मानेत होत्या, त्या आता जांघेत उतरल्या. ज्या भागातून विषाणू शिरतो त्या भागाच्या ग्रंथी सुजणार, हा साधा नियम लक्षात घेतला तर २००६ च्या निबंधाचे मोल कळते. व्रणांवर जीवाणूंचा दुय्यम संसर्ग झाला की प्रकृती बिघडते आणि बरे झाल्यावरही वण राहून त्वचेचा संकोच होऊ शकतो.

बहुसंख्य रुग्णांत हा आजार दोन ते चार आठवड्यांत आपोआप बरा होतो. ज्यांची प्रतिकारशक्ती एचआयव्हीमुळे खालावली आहे, त्यांचे चित्र मात्र भयावह आहे. अशा ३८२ रुग्णांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील २७ जण दगावले. दगावलेल्या सर्वांची सीडी-४ पेशींची संख्या २०० च्या खाली होती. अशा रुग्णांत व्रण भरून न येता पसरत जातात व त्यांखालील ऊतींचा नाश होतो. जननांगेही त्यातून सुटत नाहीत. एचआयव्हीचे औषध वेळेवर मिळणे हाच या बाबतीतला मोठा बचाव ठरतो. टेकोव्हिरिमॅट या विषाणूविरोधी औषधाकडून प्रारंभी मोठ्या अपेक्षा होत्या. पुढे काँगोमध्ये झालेल्या व २०२४ साली जाहीर झालेल्या चाचणीत, व्रण लवकर भरून येण्याच्या दृष्टीने त्याचा लाभ दिसून आला नाही.

वीर्य आणि वृषण

प्रसार त्वचेच्या स्पर्शाने होतो की वीर्यातूनही, हा प्रश्न २०२२ च्या जूनमध्येच उभा राहिला. इटलीतील चार रुग्णांच्या वृत्तांतात तिघांच्या वीर्यात विषाणूचे जनुकद्रव्य आढळले होते. ५२८ रुग्णांच्या अभ्यासात ३२ जणांचे वीर्य तपासले गेले व त्यांतील २९ नमुन्यांत ते सापडले. जनुकद्रव्य सापडणे म्हणजे जिवंत विषाणू असणे नव्हे, असा आक्षेप घेता येत होता आणि तो रास्तही होता. परंतु रोममधील स्पालान्झानी संस्थेने एका रुग्णाच्या सहाव्या दिवशीच्या वीर्यातून वाढू शकणारा विषाणू वेगळा केला. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या संशोधनसंस्थेने आपल्या संग्रहातील, पूर्वीच्या प्रयोगांत संसर्ग झालेल्या माकडांच्या ऊती पुन्हा तपासल्या. त्यांच्या वृषणांत व अधिवृषणाच्या नलिकेत विषाणू आढळला. बरे झाल्यावरही बारा आठवडे निरोध वापरावा, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना देते, त्यामागे हीच सावधगिरी आहे.

यातील अधिवृषण हा शब्द वाचताना मुंबईच्या १९७३ मधील निबंधाची आठवण होणे अपरिहार्य आहे.

नाव, लज्जा आणि नोंद

२३ जुलै २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. सल्लागार समितीत एकमत नसतानाही महासंचालकांनी तो निर्णय घेतला. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी रोगाचे नाव बदलून एमपॉक्स असे करण्यात आले. नावातील माकड आणि त्याच्या आडून येणारा आफ्रिकेविषयीचा तुच्छभाव काढून टाकणे, हा त्यामागील हेतू. रोगाचे खापर परक्यावर फोडण्याची रीत जुनीच आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात उपदंशसदृश नव्या रोगाला फिरंग रोग असे नाव दिलेले आहे, ते पोर्तुगीजांमुळे. आणि तेही जननेंद्रियांवरील व्रणांपासून सुरू होणाऱ्या रोगाला, हे विशेष. व्रणाच्या जागेवरून रोग्याचे चारित्र्य ठरविण्याचा मोह तेव्हापासून आजपर्यंत सुटलेला नाही.

भारतात पहिला रुग्ण केरळमध्ये १४ जुलै २०२२ रोजी निश्चित झाला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केले. त्यानंतर दिल्लीच्या लोकनायक रुग्णालयातील पाच रुग्णांचा जो वृत्तांत पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने प्रसिद्ध झाला, त्यातही व्रणांच्या जागा जननेंद्रिये व जांघ यांपासूनच सांगितल्या आहेत. पाचही जण बरे झाले. आपल्याकडे अशा जागी फोड आला की पुरुष आधी औषधाच्या दुकानातून मलम आणतो, मग भिंतीवरील जाहिरातीतल्या वैद्याकडे जातो आणि सरकारी रुग्णालयात अगदी शेवटी पोहोचतो. गुप्तरोग या शब्दातच लपविण्याची आज्ञा आहे. लपविलेल्या रोगाची नोंद होत नाही आणि ज्याची नोंद होत नाही तो इतिहासाच्या साधनांत कोठेच सापडत नाही.

हा रोग विशिष्ट पुरुषांचाच, हा २०२२ मधील समज काँगोने खोटा ठरविला. सप्टेंबर २०२३ पासून दक्षिण किवू प्रांतातील कामितुगा या सोन्याच्या खाणींच्या गावात विषाणूचा दुसरा वंशभेद पसरू लागला. तेथील १०८ निश्चित रुग्णांत निम्म्याहून किंचित अधिक स्त्रिया होत्या आणि सुमारे तीन दशांश रुग्ण देहविक्रयावर पोट भरणाऱ्यांपैकी होते. व्रण येथेही प्रामुख्याने जननेंद्रियांवर दिसत होते. प्रसार मात्र स्त्री-पुरुष संबंधांतून होत होता. १४ ऑगस्ट २०२४ रोजी दुसऱ्यांदा आणीबाणी घोषित झाली, पुढच्याच महिन्यात आखाती देशातून केरळात परतलेल्या एका प्रवाशात हा वंशभेद भारतात आढळला आणि ५ सप्टेंबर २०२५ रोजी ती आणीबाणी मागे घेण्यात आली.

आणीबाणी संपली तरी एक हिशेब अद्याप उघडा आहे. फडके यांनी तपासलेल्या पुरुषांना देवी येऊन गेली होती आणि ते दवाखान्यात आले ते नंतर केव्हातरी, मूल होत नाही म्हणून. दोन्ही घटनांचा संबंध जोडला गेला तो डॉक्टरांनी विचारले म्हणून. २०२२ च्या त्या ५२८ रुग्णांचे मध्यक वय ३८ वर्षे होते. बायेल्सा व कामितुगा येथील रुग्ण तर त्यांच्याहूनही तरुण आहेत.